भंडारा पेटतो का?

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचा वाल्मीक पोटासाठी काय करतो, हे कुणी विचारलं की त्याची आई कुसाबाई "कंपनीत हे" म्हणायची आणि पटकन मेथीच्या भावावर यायची. खरं सांगायची चोरी होती. पोरगा अंबडच्या एका लॅबमध्ये दिवसभर पावडरी पेटवतो. पगार घेऊन.

हसू नका, काम जोखमीचं आहे. कारखान्यांतून नाना रंगांच्या पावडरी येतात. त्या ट्रकात नाहीतर जहाजात चढण्याआधी त्यांच्या पिंपावर आगीचं चित्र चिकटवायचं की नाही, हे ठरवावं लागतं. वाल्मीक पावडर एका लांबट साच्यात भरतो, साचा हलकेच आपटतो आणि फरशीवर पालथा घालतो. वीतभर लांब, बोटभर उंच अशी एक वरंबी उभी राहते. तिच्या एका टोकाला गॅसची ज्योत धरायची आणि बघत बसायचं. आग दुसऱ्या टोकाकडे पळाली तर किती वेळात पळाली ते मोजायचं, जागेवरच काळी पडून विझली तर तसं लिहायचं. पंखा बंद, खिडक्या बंद, कारण वाऱ्यानं निकाल बिघडतो. आता गंमत अशी की बहुतेक पावडरी पेटतच नाहीत. म्हणजे या गड्याची निम्मी तरुणाई न पेटणाऱ्या गोष्टींपुढे ज्योत धरून बसण्यात गेली.

तशीच त्याची लग्नाची बोलणी. पहिल्या मुलीच्या मामानं "कामात धोका कितपत?" असं विचारलं, तर या शहाण्यानं खाली वाकून आपली अर्धी जळालेली भुवई दाखवली. दुसऱ्या ठिकाणी कुसाबाईनं "इंजिनियर आहे" असं ठोकून दिलं, तर यानं चहा पिता पिता दुरुस्ती केली. खोटं म्हणून बोलता येत नाही त्याला. पस्तिशीला टेकला, कुसाबाईचे उपास वाढत गेले आणि सोसायटीच्या बायकांना विषय पुरला.

मग देवळ्याची शुभांगी आली. बापाचा, पुंजारामचा, कांद्याचा व्यापार आणि ही त्याच गावात खतं-औषधांचं दुकान चालवते. फोनवर दोघांचं बोलणं सुरू झालं. वाल्मीक गच्चीत उभा राहून तिला तासन्‌तास गंधक कसं जळतं ते सांगायचा. आणि ती ऐकायची! मी पाण्याची टाकी बघायच्या निमित्तानं वर जायचो, म्हणून मला ठाऊक. पोरगा पुरता विरघळला होता. ही गेली तर तो पुन्हा कुणाकडे बघणार नाही, हे कुसाबाईनं ओळखलं आणि मला बजावलं, "नाना, पावनं आले की तुम्ही फक्त हो म्हणा. जास्त बोलू नका." मला!

वैशाखातल्या रविवारी पाहुणे आले. पुंजाराम, त्याची बायको गोजराबाई, शुभांगी आणि गाडीचा ड्रायव्हर. पुंजाराम म्हणजे पोत्यासारखा भरीव माणूस, आवाज लिलावातला. बसायच्या आधीच म्हणाला, "आमच्यात बोलनी खंडेरायाची तळी उचलल्याशिवाय सुरू होत नाय."

तळीला पाच पुरुष लागतात. पुंजाराम, ड्रायव्हर, वाल्मीक, मी आणि खालून बोलावून आणलेला वॉचमन फकिरा. ताम्हणात नारळ, पान, खोबऱ्याचे तुकडे आणि पिवळ्याधमक भंडाऱ्याची रास. बाजूला दिवटी पेटवलेली. डोक्यावर पंखा, मागे कुसाबाईचे नवे कोरे जाळीदार पडदे. पुंजारामनं मूठ भरली, हात उगारला आणि वाल्मीक म्हणाला,

"मामा, एक मिनिट. ही पावडर फार बारीक आहे. दिवटी जरा लांब ठेवू का?"

कुसाबाईनं डोळे मिटले.

"पावडर?" पुंजाराम गरजला. "भंडारा म्हन! माझ्या आज्यानं उधळला, बापानं उधळला. कोन जळालं आजपर्यंत?"

"नसेल जळालं. पण उधळलेली पावडर ज्योतीवर आली तर..."

"तर काय? तू यातला डॉक्टर ना? मग लाव याला काडी! माझा भंडारा पेटला तर पोरगी दिली. नाय पेटला तर आम्ही निघालो देवळ्याला."

"मामा, उधळणं वेगळं आणि वरंबी पेटवणं..."

"पेटव!"

वाल्मीकची नजर शुभांगीवर खिळली. पण हात कामाचे. त्यानं पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, ओट्यावरची फरशी पुसली. साचा घरी नव्हता, तर पुठ्ठ्याची पन्हाळी दुमडली, भंडारा भरला, आपटला, पालथा घातला. अशी देखणी वरंबी, की गोजराबाईनं पदर सावरत विचारलं, "हाई काय शे?"

आम्ही सगळे त्या छोट्या स्वयंपाकघरात दाटीवाटीनं उभे, घामाच्या धारा लागलेल्या. वाल्मीक लांब ज्योतीचा गॅस लायटर धरून वाकला. मी त्याच्या कानाशी लागलो. "अरे, दिवटीतल्या तेलाचे चार थेंब सोड. कोण बघतंय?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देव चोरून आणायला सांगितला.

ज्योत लागली. टोक काळं पडलं. थोडा धूर आला, जळक्या फोडणीचा वास आला. बाकी काही नाही. फकिरा माझ्या कानात म्हणाला, "साहेब, कुकर लावला असता तर शिट्टी झाली असती." आम्ही दोन मिनिटं हळदीकडे बघत होतो आणि हळद आमच्याकडे.

वाल्मीक सरळ झाला. "नाही पेटला," म्हणाला. इतक्या स्वच्छ आवाजात, की स्वतःचं लग्न मोडल्याचं सांगतोय असं वाटेना.

पुंजारामच्या चेहऱ्यावर विजयाचं तेज पसरलं. "म्हनलो ना मी! चला गं, निघा."

इथे कुसाबाईनं कमाल केली. दार अडवून ती म्हणाली, "पावनं, पोह्यांना फोडनी पडायचीये. तवर दुसरं काय पेटतंय का बघा की! रवा हे, बेसन हे, चहापत्ती हे..." आणि मिसळणाचा डबाच त्याच्यापुढे उघडला.

जिंकलेल्या माणसाला अजून एकदा जिंकायचं असतं. पुंजाराम ओट्याशी परत आला. रवा लावला, नाही पेटला. बेसन लावलं, नुसता खमंग वास सुटला. पुंजाराम पोरासारखा टाळ्या पिटायला लागला. "यात बी नापास! आता ते तिखट लाव."

"मामा, तिखट नको," वाल्मीक म्हणाला. "खिडक्या बंद आहेत."

"भ्यालास? लवंगी मिरची खाऊन वाढलोय मी. लाव!"

वाल्मीकनं खिडकीकडे हात नेला, तोवर पुंजारामनं चमचाभर तिखट फरशीवर टाकून लायटर स्वतःच ओढला होता.

त्यानंतरचं नीट सांगता येत नाही, कारण कुणालाच काही दिसत नव्हतं. पहिला ठसका गोजराबाईला लागला, मग सगळ्यांना एकदम. वाल्मीकनं लायटर हिसकावून ओट्यावर ओलं फडकं टाकलं, खिडक्या सताड उघडल्या आणि एकेकाला दाराबाहेर ढकललं. जिन्यावरून आम्ही खोकत, शिंकत, नाक पुसत पार्किंगमध्ये उतरलो. पुंजारामनं तेवढ्या गोंधळातही खंडेरायाचं ताम्हण सोडलं नव्हतं, हे मात्र मानलं पाहिजे. वाल्मीक सर्वांत शेवटी आला, पाण्याची कळशी घेऊन.

कळशी त्यानं आधी पुंजारामपुढे धरली. शुभांगी डोळ्यांवर पाणी मारत म्हणाली, "रोज हेच करता?"

"रोज तिखट नसतं," वाल्मीक म्हणाला.

ती हसली. हसता हसता ठसकली. मग बापाकडे वळून म्हणाली, "बाबा, नानांनी यांना तेल सोडायला सांगितलं, मी ऐकलं." सगळ्यांच्या लाल डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फार जोरात खोकलो. "यांनी नाही सोडलं. मला मुलगा पसंत आहे."

पुंजारामला काहीतरी बोलायचं होतं. "पन मी शबुद..." म्हणाला आणि ठसका. पुन्हा तोंड उघडलं, "नाय पेट..." आणि त्याहून मोठा ठसका. गोजराबाईनं दोनदा वाट बघितली, तिसऱ्यांदा नाही. "नाय म्हनवत नाय ना? मग झालं!" असं म्हणत तिनं ताम्हणातला भंडारा चिमटीत घेऊन जावयाच्या कपाळाला फासला.

एव्हाना सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. सगळेच डोळे पुसताहेत हे बघून दुसऱ्या मजल्यावरच्या वत्सलाबाईंनी हळहळून विचारलं, "अगंबाई, हीही नाही का जमली?"

पुंजारामनं गुडघ्यावर हात टेकून दम घेतला, वाल्मीकच्या कळशीतलं पाणी घटाघटा प्याला आणि लिलावातल्या आवाजात वर बघून ओरडला, "ओ बाई, जमलंय! रडत नाय आम्ही! फकिरा, ड्रायव्हर, या इकडं, तळी राह्यलीये. आणि नाना, तुमी त्या तिकडच्या बाजूनं धरा. माझ्या कानाशी यायचं नाय."