द्वारपालाचा अर्ज

राज्यं तलवारीने उलथतात, असं इतिहास सांगतो. गोव्यातल्या आमच्या पार्से गावातला राजा मी लॅपटॉपची तारीख बदलून पदच्युत केला, तोही चार वाजताच्या चहाआधी.

आमच्या जत्रेच्या नाटकात राजा नेहमी मंडळाचे अध्यक्ष. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. अकरा वर्षं मी त्यांच्यामागे भाला धरून द्वारपाल म्हणून उभा राहिलो. एकदा संवाद मागितला, तर भर तालमीत म्हणाले, "तुजो आवाज म्हणजे पाववाल्या पोदेराचो भोंपू. तोंड उघडलंस तर लोक पाव घेऊक येतीत." सगळे हसले. मी ते जपून ठेवलं.

यंदा नाट्यस्पर्धेचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. शेवटच्या दिवशी भाऊंनी मला बोलावलं. लॅपटॉपच्या पडद्यावर लाल इशारा: तुमचं कनेक्शन खाजगी नाही, हल्लेखोर तुमची माहिती चोरत असतील.

"हल्लेखोर! वाच, मेल्या! डिचोलीवालेच ते. आमचा नाटक चोरूक टपलेत."

डिचोलीचं मंडळ गेल्या वर्षी स्पर्धेत पहिलं आलं होतं. भाऊ फोन घेऊन पडवीत गेले आणि त्या मंडळाच्या दिग्दर्शकाला राजाच्या आवाजात झापू लागले.

इशाऱ्याखाली बारीक अक्षरांत तारखेचा उल्लेख होता. मोठी माणसं खालचं बारीक वाचत नाहीत. वर्षभर कपाटात पडून लॅपटॉपची बॅटरी संपली होती आणि तारीख कारखान्यातल्या मूळ तारखेवर, चार वर्षं मागे, गेली होती. त्या हिशेबाने संकेतस्थळाचं सुरक्षा प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नव्हतं, म्हणून ब्राउझर बिचकत होता. मी तारीख नीट केली. पान उघडलं. भूमिकांचा रकाना आला. राजापुढे मी माझं नाव लिहिलं, द्वारपालापुढे भाऊंचं.

"भाऊ, पाठवू?"

"पाठव रे! माका कित्याक विचारतंस?"

पाठवला. मग त्यांना भूमिका-नावांसकट पोच वाचून दाखवली. कलाकारांची यादी बदलल्यास प्रवेशिका रद्द, हा नियम दोनदा वाचला.

भाऊंनी चष्मा लावून पोच स्वतः वाचली. मग म्हणाले, "द्वारपालाक संवाद किती?"

"एकही नाही, भाऊ."

ते डिचोलीच्या दिग्दर्शकाची माफी मागायला पुन्हा पडवीत गेले नाहीत. ते काम मलाच करावं लागलं.

प्रयोग झाला. सिंहासनाचा मागचा एक पाय आखूड आहे, हे बसल्यावर कळलं. राजाला दोन्ही अंक हलता येत नाही.