दाराकडे बघत बोलायची भाषा

ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला माझी गाडी दुरुस्त करणारा तो कुर्दी मेकॅनिक इंग्रजीत बोलताना अख्खं गॅरेज दणाणून सोडायचा. घरून आईचा फोन आला, की मात्र दाराकडे बघत कुजबुजायचा. “तुर्कस्तानात शाळेत आमची भाषा बोललं की मार बसायचा,” त्याने एकदा हसत सांगितलं.

कोविडमध्ये त्याची आई मी डॉक्टर होते त्याच वॉर्डात आली. भेटायला बंदी होती. शेवटच्या दुपारी मी फोन तिच्या कानाशी धरला. ऑक्सिजनच्या घरघरीत त्याचं बोलणं पोचेना.

“जरा मोठ्याने, मेट!” मी ओरडले.

“ट्राय करतोय, डॉक्टर!” तो इंग्रजीत गरजला, आणि आईशी पुन्हा तसाच कुजबुजला.

तो काय म्हणतोय ते मी सांगेन, या आशेने ती शेवटपर्यंत माझ्या मास्ककडे बघत राहिली.