मदरबोर्ड बदलल्यावर

अप्पांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही. ऑपरेशनसाठी गुलबर्ग्याला जायच्या आधी मी त्यांना दुबलगुंडीच्या घरात कॉम्प्युटरसमोर बसवलं, माइक लावला आणि बोलतं केलं. ते रेकॉर्डिंग तेवढ्या एकाच डिस्कवर होतं.

ऑपरेशन झालं. अप्पा हातवारे करून बोलायला शिकले. मग या उन्हाळ्यात लाईट जाऊन आली ती झटका देऊनच, आणि कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला.

गुलबर्ग्यात एका दुकानात नवा बोर्ड बसवला. चालू केलं तर काळ्या पडद्यावर एकच ओळ आली, चालू करण्यासारखी डिस्क सापडत नाही. दुकानदार म्हणाला, "डिस्क गेली बघा मॅडम. नवी टाकून विंडोज घालून देतो."

"हात लावू नका," मी म्हणाले, आणि कॅबिनेट मांडीवर घेऊन गावाकडं परतायला हुमनाबादची बस धरली.

घरी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सिस्टिम चालू केली. अप्पा शेजारी खुर्चीत येऊन बसले. हातानंच विचारलं, काय झालं?

"बघायलेय अप्पा."

डिस्क दिसली. फायली जागच्या जागी होत्या. आधी ते रेकॉर्डिंग दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवलं, मगच पुढच्या कामाला लागले. सिस्टिम कुठून सुरू करायची याची नोंद जुन्या बोर्डात होती, ती त्याच्याबरोबर गेली होती. सिस्टिम उठवणारा ग्रब नावाचा प्रोग्राम परत बसवायला गेले तर चूक दाखवायला लागला. डिस्कवरची सिस्टिम नव्या पद्धतीनं सुरू होणारी, आणि पेन ड्राइव्ह मात्र जुन्या पद्धतीनं चालू झाला होता. बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन तो नव्या पद्धतीनं चालू केला, ग्रब बसवला, पेन ड्राइव्ह काढला. या खेपेला नेहमीचा पडदा उघडला.

खात्री करायला म्हणून मी रेकॉर्डिंग लावलं. स्पीकरचा आवाज मोठा होता, ते ध्यानात आलं नाही.

"काय बोलू? बोल म्हणलं की काय सुचत न्हाई बघ. अगं, ये की इकडं, ही पोरगी मला बोलायला लावायलीय!"

"व्हय, आले, आले!" आतून आईनं ओ दिली.

ती दारात आली. हात ज्वारीच्या पिठानं भरलेले. अप्पांकडं बघून थबकली. ते मान खाली घालून बसले होते. बंद कर, त्यांनी हातानं सांगितलं.

"अजून एकदा लाव गं," आई म्हणाली.

अप्पांनी जोरानं मान हलवली. कुणाचं ऐकावं कळेना. मी बंद केलं. आई पीठ भरल्या हातानं तशीच आत गेली.

दुसऱ्या दिवशी अप्पा शेताकडं गेल्यावर ती पदराला हात पुसत माझ्याजवळ येऊन बसली.

"आता लाव," म्हणाली. "बारीक आवाजात."