शेवट कोणी सांगायचा नाही

आधीच स्पष्ट सांगते, म्हणजे गैरसमज नको. सुपरहिरोच्या सिनेमांचं वेड आमच्या घरात मला आहे. पोरीला ते माझ्यामुळे लागलं. लोक विचारतात, "मुलीसोबत जावं लागत असेल ना तुम्हाला?" तेव्हा माझं डोकंच फिरतं. जावं कशाला लागतं? मी जाते. वय एक्कावन्न, नागपूरला सदरमध्ये एका ऑफिसात आवक-जावक सांभाळते, डावा गुडघा दुखतो, आणि तो पोट्टा पडद्यावर आला की मी शिटी मारते. माहेरी शेतात पाखरं हाकलायला शिकले होते, ती विद्या वाया गेली नाही.

पोट्टा म्हणजे सिनेमातला हिरो. त्याला इंग्रजीत भलंमोठं नाव आहे, पण आमच्याकडे तो पहिल्या दिवसापासून 'आपला पोट्टा', म्हणजे आपला पोरगा. काहीही पडायला लागलं की तो दोन्ही हात वर करतो आणि पडणारी वस्तू जिथल्या तिथे हवेत थांबते. पूल, विमान, पाण्याची टाकी, काहीही. त्याला हे शिकवणारी एक म्हातारी आहे. तोंडाची अशी फटकळ की पोट्ट्यानं अख्खं शहर वाचवलं तरी त्याला "उशीर काहून केला" म्हणून झापते. अर्थात झापते हिंदीत, कारण आम्ही हिंदीतलाच पाहतो. मला पोट्ट्यापेक्षा ती जास्त आवडते. का, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

पहिला भाग आला तेव्हा पोरगी आठ वर्षांची होती. नवराही आला होता. तो मध्यंतराआधीच घोरायला लागला, म्हणून पुढे त्याला नेणं बंद केलं. परत येताना तो त्याच्या गाडीवर पुढे गेला, आणि सदरच्या सिग्नलवर माझ्या स्कूटरवर मागे बसलेली पोरगी म्हणाली, "आई, याचे सगळे भाग आपण दोघींनीच पाहायचे. एकटीनं कोणी नाही पाहायचा. म्हण, आईच्यान."

"मी कोणाच्यान म्हणू वं? आई तर मीच हाय."

"मग तुझ्या आईच्यान म्हण."

म्हटलं. गळ्याला हात लावून म्हटलं. सिग्नल कधीच सुटला होता आणि मागचे सगळे हॉर्न वाजवून राहिले होते.

चौदा वर्षांत आठ भाग आले. तिची दहावी आली, बारावी आली, माझी गुडघ्याची दुखणी आली, पण एकही भाग चुकला नाही. मागच्या वर्षी ती नोकरीला हैदराबादला गेली. तेव्हापासून आमच्या एकेक गोष्टी सुटत चालल्या. रोजचा फोन रविवारवर गेला. मग रविवारीही "आई, थोड्या वेळानं करते" व्हायला लागलं. मी काही रडणारी बाई नाही, पण वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पोट्ट्याच्या सिनेमाचा शब्द तेवढा उरला होता. तो मला कोणत्याही परिस्थितीत जाऊ द्यायचा नव्हता.

शेवटचा भाग एका शुक्रवारी लागला. यानंतर पोट्टा परत दिसणार नव्हता. पोरीला सुटी मिळाली ती त्या रविवारी नाही, पुढच्या रविवारी. म्हणजे नऊ दिवस. नऊ दिवस नागपूरसारख्या शहरात, जिथे लोकांच्या पोटात काही राहत नाही, तिथे शेवट माझ्या कानावर पडू द्यायचा नव्हता.

ऑफिसात मी सोमवारी सकाळीच जाहीर केलं. "ज्याला त्या सिनेमाबद्दल तोंड उघडायचं असेल, त्यानं आपापली डाक आपण नोंदवून घ्यावी." सगळे चिडीचूप. साहेबसुद्धा. आवक-जावकवाल्या बाईशी वाकडं घेणारा माणूस सरकारी ऑफिसात जन्मायचा आहे.

पण घरच्यांचं काय करणार? मोबाइलवर सासरचा ग्रुप आहे, त्यात चाळीसेक माणसं. त्यात एका भाच्यानं डोळ्यांतून पाणी गळणारी सहा तोंडं टाकली आणि खाली लिहिलं, "ज्यांनी पाहिला त्यांनाच कळेल." त्याखाली दुसरा लिहायला लागला, 'टायपिंग' दिसत होतं.  तो पुढचं लिहायच्या आत मी ग्रुप सोडला.

बाप्पा रे! मी पाकिस्तानला निघून गेले असते तरी एवढी बोंब झाली नसती. 'अमुक यांनी ग्रुप सोडला' हे एक वाक्य सगळ्यांना दिसलं आणि नवऱ्याला फोनावर फोन. काय झालं? कोण काय बोललं? मागच्या लग्नात मानपानाचं राहिलं का? नवरा आपला सगळ्यांना सांगतो, "मले काही माहीत नाही, तिलेच विचारा." विचारायची मात्र कोणाची हिंमत नाही.

मंगळवारी संध्याकाळी मोठ्या जाऊबाई आल्या. धरमपेठेतून थेट आमच्या हुडकेश्वरला, तोंडाला दुपट्टा बांधून, भर उन्हाळ्यात, हातात संत्रा बर्फीचा डबा. कूलरसमोर बसल्या, दोन ग्लास पाणी प्यायल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "चुकलं माझं. तुले कोणी सांगितलं मले माहीत नाही, पण मी तसं बोलाले नको होतं."

मला तर काहीच माहीत नव्हतं.

"वास्तूच्या जेवणात तुझी सांबारवडी विकतची हाय, असं मी सगळ्यांले सांगितलं. जळून बोलली मी. तुझ्यासारखी मले जमत नाही."

ऐका आता. त्या क्षणापर्यंत मी कोणावरही रागावले नव्हते. साठ सांबारवड्या मी पहाटे उठून, कोथिंबीर निवडून तळल्या होत्या, कढईजवळ उभी राहून गुडघा भरून आला होता, आणि ही बाई सांगते विकतच्या! चांगलं सुनावलं त्यांना. मग बर्फी फोडली, दोघींनी खाल्ली, आणि मी ग्रुप सोडायचं खरं कारण सांगितलं. त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. "सिनेमासाठी? अवं, आमचा पोरगा कालच सांगत होता, त्यात शेवटी..."

मी उठून रिकामा मिक्सर चालू केला. त्यांचे ओठ हलायचे थांबेपर्यंत बंद केला नाही.

असे नऊ दिवस काढले. रविवारी सकाळी पोरगी आली. स्टेशनवरून घरी आणून खाऊ घातलं आणि बाराचा खेळ गाठला. ती जरा गप्पगप्प होती. मी म्हटलं, प्रवासानं थकली असेल. पोट्टा आल्यावर मी शिटी मारली, पुढच्या रांगेतल्या पोट्ट्यांनी वळून टाळ्या वाजवल्या. माझ्यासारखी सुखी बाई त्या वेळी अख्ख्या विदर्भात नसेल.

मध्यंतरानंतर म्हातारी पोट्ट्याला झापत होती. भांडी कशी घासली नाहीस यावरून. सगळं थिएटर हसत होतं, मीही हसत होते. तेवढ्यात अंधारात पोरीचा हात माझ्या हातावर आला आणि तिनं तो घट्ट धरला. मला वाटलं, एसी लागत असेल हिला. दोन मिनिटांनी वरचं छत कोसळलं. पोट्ट्याचे हात वर जायच्या आत म्हातारी गेली.

मला हुंदका आवरेना. रडता रडता डोक्यात उजेड पडला. हात दोन मिनिटं आधी आला होता.

"तू पाह्यला," मी म्हटलं.

ती पडद्याकडेच पाहत राहिली.

"पाह्यला ना तू?"

"हाव." मग हळूच, "पहिल्याच दिवशी. ऑफिसातले सगळे जाऊन राहिले होते. मले राहवलं नाही, आई."

माझा इतका संताप झाला! नऊ दिवस मी कानात बोळे घालून फिरले, सासरच्या चाळीस माणसांशी वाकडं घेतलं, आणि ही तिकडे पहिल्याच दिवशी जाऊन आली! "मग आता आली कायले? दोनदा पाहाले?" मागून कोणीतरी "आंटी, धीरे" म्हणालं. मी वळून पाहिलं, तो परत बोलला नाही.

"ती मरते म्हणून आली," पोरगी म्हणाली. "तिथं तुले एकटीले कशी बसू देऊ?"

"शब्द म्हणजे शब्द," मी म्हटलं आणि हात सोडवून घेतला.

ती रागावली नाही. माझ्या कानाजवळ येऊन म्हणाली, "मी लहान होती तं तू माझे डोळे झाकायची. भेव वाटणारं काही आलं की... नाही, यायच्या आधीच झाकायची. तुले आधी कसं समजे वं?"

आता सांगावंच लागेल. खरं तर हे मी इथे लिहिणार नव्हते. पहिल्या भागात पूल पडलेला पाहून पोरगी दोन महिने पुलाखालून जायला तयार नव्हती. म्हणून दुसरा, तिसरा आणि चौथा भाग मी आधी एकटीनं पाहून आले. अर्धा दिवस रजा टाकून, सकाळच्या खेळाला, तोंडाला दुपट्टा बांधून. डोळे नेमके कुठे झाकायचे ते पाठ करून यायचे. माझ्या आईच्या गळ्याची शपथ घेतलेली असताना.

"तुले केव्हा समजलं?" मी विचारलं.

"तिसऱ्या भागात. तू हसायची जागा यायच्या आधीच हसली."

"अन् बोलली नाहीस?"

"बोलली असती तं तू झाकणं बंद केलं असतं."

 पडद्यावर शहर एका बाजूला कलंडायला लागलं होतं. पोट्ट्याला आता झापायला कोणी उरलं नव्हतं, तो एकटाच वर चढून राहिला होता.  मी पोरीचा हात परत धरला, या वेळी मी धरला.

"आता याचं काय होते?"

"सांगू?"

"सांग."

ती माझ्या कानाला लागली आणि तिनं मला शेवट सांगितला. मग आम्ही दोघींनी तो पाहिला.