कमळासाठी सोनेरी कागद

दुधाची पिशवी कितीही धुवा, तिचा वास पुरता जात नाही. वरसे गावातल्या आमच्या घरात मागच्या ओट्यावर दोरी बांधलेली आहे. तिच्यावर दुधाच्या निळ्या पिशव्या, तेलाच्या पिवळ्या, वेफरची पाकिटं, बिस्किटांचे पुडे असं सगळं चिमटे लावून वाळत असतं. अम्मा, म्हणजे माझी सासू, खाटेवरून ते बघते. अर्धांगवायूने तिची डावी बाजू गेली, जीभ मात्र शाबूत राहिली. "घर हाय का भंगारवाल्याचं दुकान गो?" असं ती दिवसातून एकदा तरी विचारते. मी चिमटे लावत राहते. भंगारवाला निदान संध्याकाळी दुकान बंद करतो.

या कामाला मला लावलं ते पेणच्या मैत्रिणीने. पेण माझं माहेर. आमच्या गल्लीच्या दोन्ही टोकांना गणपतीचे कारखाने होते, रंगाचा वास नाकात घेऊनच मी मोठी झाले. ही मैत्रीण मखरं बनवते. थर्माकोल बंद झाल्यावर तिने पुठ्ठ्याची मखरं सुरू केली आणि मागच्या बाजूला लावायला तिला टाकाऊ पाकिटांची फुलं हवी झाली. "तू काय, घरात बसून करशील," म्हणाली. आजारी माणसाच्या घरातली बाई बसलेली असते असं तिला अजून वाटतं.

काम म्हटलं तर सोपं. पाकीट उभं चिरायचं, धुवायचं, वाळवायचं, गादीखाली दाबून सपाट करायचं. मग नखाएवढे तुकडे कापून पुठ्ठ्यावर पेन्सिलीने काढलेल्या फुलात गोंदाने एकेक बसवत जायचं. जास्वंदीचा लाल बिस्किटांच्या पुड्यांतून निघतो, पानांचा हिरवा वेफरच्या पाकिटांतून. अडतं ते कमळापाशी. त्याच्या मधोमध सोनेरी लागतो, आणि इकडचा सोनेरी कागद बोट लागलं की सुरकुततो. आखातातून येणाऱ्या चॉकलेटांचा कागद तेवढा जाड असतो, लावला तसा राहतो.

त्याची आमच्याकडे कमी नव्हती. आमच्या आळीत घरटी एक माणूस तिकडे आहे. जो सुटीवर येतो तो आधी आळीत चॉकलेट वाटतो, मग बॅग सोडतो. ज्याने वाटली नाहीत त्याचं काहीतरी बिनसलंय हे न बोलता सगळ्यांना कळतं. मी पोरांना सांगूनच ठेवलं होतं, चॉकलेट तुमचं, कागद माझा. कागदाच्या कडेने अरबी अक्षरांची ओळ असते, तेवढी मी कापून टाकते.

माझा नवराही तिकडेच. लग्न झाल्यापासून दर दोन वर्षांनी एकदा यायचं, दोन महिने राहायचं. त्यांच्या कमाईवर हे घर उभं राहिलं, मुलगी सासरी गेली. अम्मा खाटेला लागल्यापासून मी फोनवर रोज एकच बोलत आले, सगळं बरं हाय, काळजी करू नका. बरं काय होतं? तिची कूस बदलायला, तिला धुवायला, न्हाणीपर्यंत न्यायला मी एकटी. पुठ्ठ्यावर वाकले की सरळ होताना भिंत धरावी लागायची. मला ते घरी हवे होते. पण परदेशातल्या माणसाला असं सांगू नये, त्याचं कामावरचं लक्ष उडतं, असं आमच्याकडच्या बायका मानतात. मीही मानलं.

यंदा गणपतीच्या आधी मी कमळांच्या मागे लागलेली असताना त्यांचा फोन आला. "वडखळला हाय. थोड्या वेळात पोचतो." एरवी महिनाभर आधी तारीख कळते, मी पडदे धुते, अम्मा सगळ्या नातेवाइकांना फोन लावायला लावते. या वेळी काहीच नाही. एक बॅग घेऊन रिक्षातून उतरले. अम्माचा हात हातात घेऊन जरा बसले, मग पिशवी घेऊन आळीत चॉकलेट वाटायला गेले.

दुसऱ्या दिवशी पोरांनी कागद आणून दिले. एक उलगडला आणि बोटांनाच कळलं की हा तो नव्हे. कात्री लागताच गोळा झाला. उलटून पाहिला तर अरबीची ओळ नव्हती. कोपऱ्यात चौकटीतला बारका हिरवा ठिपका होता. तो आपल्याकडच्या पाकिटांवर असतो, रोज माझ्या कात्रीखालून जातो. म्हणजे विमानातून उतरल्यावर चॉकलेट यांनी इकडेच कुठेतरी, मुंबईला नाहीतर पनवेलला घेतली होती. तिकडून निघताना एवढीही सवड मिळाली नव्हती, आणि रिकाम्या हाताने आळीत शिरायची हिंमत नव्हती. नोकरी गेली होती. दुसरं काय असणार?

मला आधी बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. आता हा माणूस इथेच राहील, एवढंच डोक्यात आलं. मग त्यांची कीव आली आणि दिवस जायला लागले तसा राग. आळीत कोणी विचारलं, "परत कदी?" की ते म्हणत, "विजाचं बघतोय." अम्मा खूश, लेकाला या वेळी लांब सुटी मिळाली म्हणून. ते फोन घेऊन गच्चीवर जायचे आणि जिन्यात मला ऐकू यायचं, मस्कतला जागा आहे, कतारला आहे.

एका दुपारी अम्माचा डोळा लागला होता. मी कमळ भरत होते, त्याच पातळ कागदाने. दुसरा मिळायची वाट बघायला वेळ उरला नव्हता. ते समोर येऊन बसले.

"असा चुरगळलेला का लावतेस?"

"इकडचा असाच असतो," मी म्हणाले आणि कागद उलटा करून ठिपका दाखवला.

त्यांनी ठिपक्यावरून अंगठा फिरवला. "कदीपासून माहीत हाय तुला?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"मग बोलली का नायस?"

"तुम्ही बोलाल म्हणून."

"कंपनीच बंद झाली," ते म्हणाले. "मस्कतचं जमतंय बहुतेक. गेलो की हे कोणाला कळायचं पण नाय."

मी गोंदाचा हात ओढणीला पुसला. "नका जाऊ," म्हणाले. "मी थकलीय. अम्माचं एकटीने होत नाय आता माझ्याच्यानं."

"तू तर सगळं बरं हाय म्हणायचीस."

"फोनवर दुसरं काय बोलणार?"

संध्याकाळी मी अम्माला उठवत असताना ते न सांगता तिच्या उशाकडे येऊन उभे राहिले. कसं धरायचं ते त्यांना येत नव्हतं. मी दाखवलं.

सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते जवळच्या धाटावला निघाले, तिथल्या कंपन्यांत गेटवर नाहीतर गोदामात कुठे शिफ्टचं काम मिळतंय का बघायला. दारात चपला घालताना म्हणाले, "येतो." हा शब्द मी आजवर विमानतळाकडे निघालेल्या गाडीच्या काचेतून ऐकत आले होते, आणि त्यानंतर दोन वर्षं वाट बघत आले होते. या वेळी मी विचारलं, "जेवायला?"

ते थांबले. "व्हय," म्हणाले. "जेवायला."