रातांब्याचा डाग

रातांब्यांचा आंबट वास आला की छातीत अजून धस्स होतं. ऐंशी-एक्याऐंशी साल असेल, मी नऊ वर्षांची. रत्नागिरीच्या घरी अंगणात आई कोकमं घालायला रातांबे फोडत होती.

"फ्रॉकवर रस सांडलास ना गो?" ती ओरडली.

मी मान वर केली आणि तिच्या हातातला रातांबा गळून पडला. त्या महिन्यात तिसऱ्यांदा माझा घोळणा फुटला होता. तिने माझं डोकं मागे धरलं, तसं रक्त घशात उतरलं आणि मी गुदमरले. शेजारच्या नर्सबाई धावत आल्या.

"वहिनी, मान पुढे वाकवा! नाक दाबून धरा, सोडू नका."

आईने इतकं घट्ट दाबलं, की मला ती रागावलीय असंच वाटलं.

काल नातीच्या फ्रॉकवर तसाच लाल डाग दिसला. रागावण्याआधी माझी बोटं तिच्या नाकाशी गेली. नाक कोरडं होतं; डाग रातांब्याचाच निघाला.