केसिंग पाइपातला फोटो

आमच्या ह्यांनी मोठे फोटो धुवायचा ड्रम बोअरच्या केसिंग पाइपाचा केला होता. बोअरवाल्याकडून उरलेला निळा तुकडा आणला, बाहेरून काळा रंग मारला, एक तोंड बुजवलं आणि दुसऱ्याला झाकण बसवलं. झाकणात वाकडी नळी. तिच्यातून औषध आत जाईल, उजेड जाणार नाही. नळदुर्गात मोबाइलवरून फोटो काढून देणारी दुकानं झाली, तरी आमचं न्हाणीघर अंधारखोलीच राहिलं. आंघोळीला आम्ही मागच्या पडवीत. यापेक्षा सवत परवडली असती, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

मोठ्या कागदाला तेवढे मोठे ट्रे लागतात, ते ठेवायला जागा कुठली? म्हणून ड्रम. अंधारात कागदावर फोटो पाडायचा, कागद गुंडाळून आत घालायचा, झाकण लावलं की दिवा लावायला मोकळे. मग औषध ओतून ड्रम फरशीवर मागंपुढं फिरवत राहायचा, म्हणजे ते सगळीकडं सारखं लागतं. हे फिरवायला बसले की मध्येच काहीतरी आठवून उठायचे आणि फोटोवर पट्टे यायचे. म्हणून ते काम माझ्याकडं आलं. मी खाटेवर बसून तूर निवडत पायानं फिरवायचे. "तुझा पायगुणच चांगला," म्हणायचे लबाड.

यंदा उन्हाळ्यात एका सकाळी त्यांनी आमच्या जुन्या फोटोची निगेटिव्ह काढली. लग्नानंतर किल्ल्यावर, पाणीमहालापाशी काढलेला आम्हा दोघांचा फोटो. मोठा कागद एकच उरला होता. त्यावर फोटो पाडून, तो ड्रमात घालून, झाकण लावून बाहेर आले, घाम पुसला आणि म्हणाले, "चहा टाक. मग फिरवू." चहा उकळेपर्यंत ते खुर्चीतच गेले.

तेरावा झाल्यावर लेक म्हणाली, "आई, निगेटिव्ह हाय न्हवं? सोलापुरात देऊ, पायजे तेवढा मोठा करून देतेत."

मला तो नको होता. ड्रमातल्या कागदावर त्यांनी स्वतःच्या हातानं आम्हा दोघांना ठेवलं होतं. त्यांचं काम झालं होतं, माझंच राहिलं होतं. लेकीला तसं सांगितलं, तर तीच रडायला लागली.

औषध त्यांच्या मापानं कालवलं, ओतलं. खाटेवर बसले, ड्रमावर पाय ठेवला आणि बरं वाटलं. खरं सांगते, ते गेल्यापासून पहिल्यांदाच बरं वाटलं. आत औषध खळखळत होतं. समोरच्या खुर्चीकडं बघत मी फिरवत राहिले.

लेक स्वयंपाकघरात भाकरी करत होती. सगळ्या भाकरी झाल्या, हात धुऊन ती बाहेर आली. "आई, अजून? किती येळ फिरवायचं असतंय हे?"

माझा पाय जागीच थांबला. औषध ओतून दिलं, फोटो पक्का करायचं दुसरं घातलं, मग झाकण काढलं. कागद काळा पडला होता. जुना कागद, त्यात उन्हाळा. औषधात जास्त राहिला की करपतो. दारात नेऊन उजेडाला धरला, तिरपा करून बघितला. ना ते दिसले, ना मी.

"अगं आई, घड्याळ तरी बघायचं!"

"मी कधीच बघितलं न्हाय गं," मी म्हणाले. "ते समोर बसून 'पुरं' म्हणायचे."